लोण्यातला कोबी पाणचट का होतो? या चुका टाळा

कोबी, लोणी, मीठ, मिरपूड. चार जिनसांची भाजी, तरी कितीतरी घरांत ती पाण्यात बुडालेली असते. मग कोबीलाच नावं ठेवतात. कोबीचा काही दोष नसतो, नडते ती घाई.

सगळ्यात मोठी चूक झाकणाची. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की ते सुटतंच. वर झाकण ठेवलंत की वाफेला वाट राहत नाही आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडते. शिवाय कोबी जितका जास्त शिजेल तितका त्यातल्या गंधकाचा उग्र वास वाढतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत भाचीकडे रविवारचं जेवण होतं. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, आणि तिखट न खाणाऱ्या पोरांसाठी लोण्यातला कोबी. तिनं दोन मोठे गड्डे चिरून एका उभ्या पातेल्यात दाबून भरले, वर मीठ, वर झाकण, आणि वळली रश्श्याकडे. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर तळाला दोन बोटं पाणी, कोबी मळकट पिवळा, आणि वास असा की रश्श्याचा घमघमाट दबून गेला. पाणी आटवायला तिनं गॅस मोठा केला, तसा त्याचा लगदा व्हायला लागला. मी पातेलं खाली घेतलं, कोबी चाळणीत निथळला, घरातली सगळ्यात पसरट कढई कडकडीत तापवली आणि थोडा थोडा घालून भराभर परतला. गॅस बंद करून वर लोणी. पोरांनी खाल्ला, पण दाताखाली येणारा करकरीतपणा गेला तो गेलाच. निथळलेलं पाणी कणकेत वापरलं.

म्हणून माझ्याकडे पसरट कढई, दोन बोटांपेक्षा जाड थर नाही, झाकण नाही आणि मीठ उतरवायच्या आधी मिनिटभर. मोठा गड्डा असेल तर दोन घाणे करा. पाच-सात मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ कढईपाशी उभं राहायला काय हरकत आहे? मोबाईलवर वेळ लावून निघून जाणाऱ्यांची भाजी मला घास घेताच कळते.

दुसरी चूक लोण्याची. सगळं लोणी सुरुवातीलाच तापल्या कढईत टाकतात. लोण्यात तुपासारखा निव्वळ स्निग्धांश नसतो. पाणी असतं, दुधाचा अंश असतो, आणि हा अंश १५० अंश सेल्सिअसच्या आसपास करपायला लागतो. काळे ठिपके आणि कडवटपणा येतो तो त्याचाच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणून घरी लोणी काढत असाल तर आणखी जपा. ताक नीट निघालं नसेल तर लोणी तडतडतं आणि लवकर लागतं. गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत. मी चमचाभर तुपावर कोबी परतते आणि लोणी गॅस बंद केल्यावर घालते. अर्ध्या किलो कोबीला दोन चमचे. आचेवर नसल्यामुळे त्याचा वास तसाच राहतो. विकतचं खारं बटर असेल तर आधी चव बघा, मग मीठ.

चिरल्यावर धुऊ नका. आधी गड्डा धुवा, पुसा, मग चिरा. मधला दांडा काढा किंवा अगदी पातळ चिरा, नाहीतर पानं मऊ आणि दांडा कच्चा. रंग टिकावा म्हणून सोडा घालणाऱ्यांनी एकदा तो गिळगिळीत कोबी स्वतः खाऊन बघावा. कुकर तर विसराच. मिरपूड शेवटी, ताजी कुटलेली.

आणि कोल्हापूरकरांनो, इथे कांदा-लसूण मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात आवरा. मसाल्याचा कोबी मलाही आवडतो, पण तो तेलावर करा, लोणी त्यात वाया जातं. उरलेला कोबी दुसऱ्या दिवशी गरम करत बसू नका, थालीपिठाच्या पिठात मळा.