चीनमध्ये शिकायला जाताय? ताजी भाजी आणण्याआधीची तयारी

भाजी आणण्याची तयारी बाजारात नव्हे, हॉस्टेलवर सुरू होते. शिजवायचं कुठे हे ठरल्याशिवाय पिशवी उचलू नका. परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांमध्ये कुठे मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असतं, कुठे खोलीत शिजवायला सक्त मनाई असते, आणि परवानगी असली तरी जास्त वॅटची उपकरणं बहुधा चालत नाहीत. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी लावली की खोलीची वीज जाते, आणि पुढच्या तपासणीत शेगडीही जाते. त्यामुळे इमारतीच्या देखरेखीला असलेल्या मावशी-काकांना आधी तीन गोष्टी विचारा: शिजवायचं कुठे, किती वॅटपर्यंत चालतं आणि फ्रिज आहे का. फ्रिज चौघांत एक असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त भाजी आणण्यात अर्थ नाही. एकट्या माणसाला दोन दिवसांसाठी अर्धा किलो पालेभाजी, तीन-चार टोमॅटो आणि एखादी फळभाजी पुरते. कांदे-बटाटे तेवढे आठवड्याचे एकदम आणा. शेगडी किंवा राईस कुकर तिथेच विकत घ्या. विजेचा दाब जवळपास आपल्याइतकाच, 220 व्होल्ट, असला तरी आपले तीन गोल पिनांचे प्लग तिथल्या भिंतीत बसत नाहीत.

घरून काय न्यायचं याची यादी आई करणारच. तिच्यावर एकदा नजर टाका. ताजी फळं, ताज्या भाज्या आणि पेरायचं बी प्रवाशाने सोबत आणायला चीनच्या कस्टम्सची बंदी आहे, म्हणजे कढीपत्त्याच्या डहाळ्या, ओली हळद, लिंबं आणि निघताना कोंबलेले चार हापूस, सगळं बाद. गोडा मसाला, हळद आणि हिंग पॅकबंद न्या. जिरं न्यायची गरज नाही, ते तिथे मसाल्याच्या दुकानात सर्रास मिळतं, नाव ‘ज-रान’.

आता फोन. भाजीवाल्या आजीसुद्धा क्यूआर कोडवरच पैसे घेतात, म्हणून अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप्स भारतातून निघण्याआधीच चालू करून त्यांना व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. परदेशी कार्डावर 200 युआनच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याच्या वर गेलात की 3 टक्के लागतात. भाजीला एवढी मजल जात नाही, पण महिन्याचं सामान एकदम घेताना बिल दोन भागांत करून घेतलेलं बरं. अडचण वेगळीच आहे. काही टपऱ्यांवरचा कोड दुकानाचा नसून त्या माणसाच्या खासगी खात्याचा असतो, आणि त्यावर परदेशी कार्डातून पैसे बऱ्याचदा जात नाहीत. मागे रांग लागलेली असते, स्क्रीनवर चिनी भाषेत नकार झळकतो आणि काय बिनसलं ते कळत नाही. यासाठी 1, 5, 10 आणि 20 युआनच्या नोटा खिशात हव्यातच. शंभराची नोट पुढे केलीत तर सुट्ट्यांसाठी शेजारच्या गाळ्यांवर शोधाशोध सुरू होईल.

हे कायमचं मिटतं ते चिनी बँकेत खातं उघडून ते ॲपला जोडल्यावर. तिथे मराठी नावांची खास गोची होते. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचं नाव व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत असतं. बँकेतला कर्मचारी कधी या दोन नावांमधली मोकळी जागा गाळतो, कधी आडनाव शेवटी टाकतो. सिमकार्डावर एक क्रम, बँकेत दुसरा आणि ॲपमध्ये तिसरा झाला की ओळख पडताळणी अडकते. सिम घेताना जे अक्षरशः टाइप झालं त्याचा फोटो काढा आणि बँकेत तोच दाखवा.

गूगलच्या सेवा तिथे बंद असतात, हे विसरून पहिल्याच दिवशी बरेच जण भाषांतरासाठी अडतात. बायदूचं किंवा योदावचं भाषांतर ॲप घ्या. फोटो काढला की पाटीवरचा मजकूर उलगडतो. नकाशासाठी आमॅप. त्यात भाजीबाजार शोधायचा तर ‘त्साय-श-छांग’ ही तीन चिनी अक्षरं एखाद्या वर्गमित्राकडून मागवून फोनच्या नोंदवहीत चिकटवून ठेवा.

वजनाचं गणित मात्र पाठच हवं. बाजारातला भाव किलोचा नसून ‘जिन’चा असतो, आणि एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. पाटीवर टोमॅटो 4 लिहिलेत म्हणजे किलोला 8 युआन. किलोला ‘गोंग-जिन’ म्हणतात. एका जिनचे दहा ‘ल्यांग’, म्हणजे एक ल्यांग 50 ग्रॅम; आलं आणि तिखट मिरच्या याच मापाने मागा. घोळ असा की ‘दोन’ या आकड्याचा बोलीतला उच्चारही ल्यांगच आहे. ‘ल्यांग जिन’ म्हणाल तर एक किलो मिळेल. शंभर ग्रॅम हवं असेल तर ‘अर ल्यांग’ म्हणा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन बऱ्याचदा किलोत दिसतं, त्यामुळे एक जिन घेतल्यावर 0.5 पाहून फसवणुकीचा संशय घेऊ नका. संशय आलाच तर बऱ्याच बाजारांत दारापाशी किंवा कार्यालयापाशी ‘गोंग-फिंग-छंग’ म्हणजे तपासणीचा सार्वजनिक काटा असतो. तिथे पिशवी ठेवून बघा, कुणी वाईट मानत नाही. सुपरमार्केटात याहून बारकाईने वाचावं लागतं. आयात फळांच्या पाटीवर कधी 500 ग्रॅमचा, कधी 250 ग्रॅमचा तर कधी डबीचा भाव असतो, आणि आकडा तेवढा मोठ्या अक्षरात छापतात.

भाव विचारायचं वाक्य एकच: ‘द्वो-शाव छ्येन ई जिन?’ उत्तर ‘सान ख्वाय वू’ आलं तर साडेतीन युआन. बोलण्यात युआनला ख्वाय म्हणतात आणि त्याच्या दहाव्या भागाला माव. चार म्हणजे ‘स’ आणि दहा म्हणजे ‘श’. दक्षिणेत हे दोन उच्चार एकमेकांत इतके मिसळतात की कानांवर विसंबू नये. बोटं बघा. सहापासूनचे आकडे एकाच हाताने दाखवतात: अंगठा आणि करंगळी ताणली की सहा, पाची बोटांची टोकं जुळवली की सात, अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ, तर्जनीचा आकडा वळवला की नऊ. आठाची खूण आपल्याला दोनासारखी वाटते, आणि तिथेच हिशेब चुकतो. पुरे म्हणायला ‘गोव ल’, नको म्हणायला ‘बू याव’. एवढ्यावर वर्ष निघतं.

बाजारात जायची चांगली वेळ सकाळी सात ते नऊ. दुपारी गाळ्यांवर पेंग असते; चारनंतर पुन्हा वर्दळ होते, पण पालेभाजी तोवर पाणी मारमारून टवटवीत केलेली असते. हे पाणी दोन ठिकाणी नडतं, वजनात आणि घरी. जुडी हातात धरून जोरात झटका, देठाकडचा बांधलेला भाग उलगडून आत बोट घाला. गिळगिळीत लागलं तर ती उद्यापर्यंतही टिकणार नाही. गाळ्यावरची रीत साधी आहे. टांगलेल्या गुंडाळीतून पातळ पिशवी फाडून घ्या, हवं ते स्वतः निवडून भरा, तीन-चार पिशव्या एकदम पुढे करा. भाजीवाली एकेक काट्यावर ठेवत तोंडीच बेरीज करते, तुम्ही कोड स्कॅन करता आणि काउंटरखालचा छोटा स्पीकर किती युआन जमा झाले ते मोठ्याने सांगतो. तो बोलेपर्यंत जागेवरून हलू नका. भाजीच्या भावात घासाघीस जवळपास नसतेच, वरचे सुट्टे तेवढे सोडतात. सगळी भाजी एकाच गाळ्यावर घेतलीत तर कांद्याची पात किंवा कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट पडण्याची शक्यता असते. मागून बघायला हरकत नाही. आपल्याला ही सवय आहेच.

आपल्या ओळखीच्या कितीतरी भाज्या तिथे आहेत, आणि हे ठाऊक नसल्याने मुलं चार वर्षं बटाटा खात बसतात. लाल माठ म्हणजे ‘श्येन-त्साय’, उन्हाळ्यात ढिगाने येतो. नाळीची भाजी ‘खोंग-शिन-त्साय’, दक्षिणेत स्वस्त. कारलं ‘खू-ग्वा’, तिथलं जाडजूड, फिकट आणि आपल्यापेक्षा कमी कडू असतं. घोसाळं ‘स-ग्वा’, भेंडी ‘छ्यू-ख्वे’, चवळीच्या लांब शेंगा ‘ज्यांग-दोव’. वांगी ‘छ्ये-ज’, बहुतेक लांब आणि पातळ सालीची. भरली वांगी करायचा हट्ट सोडा, भरीत मात्र छान होतं. कोथिंबीर ‘श्यांग-त्साय’. तिच्याशेजारीच बारीक सेलरीच्या जुड्या असतात आणि पानं फसवी असतात, म्हणून चुरगळून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. मिरच्यांत जाड आणि मोठी ती बहुधा नुसती भाजीची. ठेच्याला छोटी ‘श्याव-मी-ला’ लागते, पण नेहमीच्या निम्म्या घालून सुरुवात करा. मेथी आणि कढीपत्ता मात्र साध्या बाजारात सापडेल असं धरून चालू नका.

काही भाज्यांबाबत हलगर्जी चालत नाही. फरसबीसारखी दिसणारी ‘स-जी-दोव’ कच्ची राहिली तर काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात; तिच्यातली विषारी द्रव्यं पुरेशा उष्णतेशिवाय मोडत नाहीत. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून भागत नाही. झाकण ठेवून रंग उतरेपर्यंत, किमान दहा मिनिटं शिजवा. सुकं काळं अळंबं, ‘मू-अर’, रात्रभर भिजत घालायची आपली कडधान्याची सवय इथे घातक आहे: उबदार पाण्यात जास्त वेळ राहिलं की त्यात एका जिवाणूचं जे विष तयार होऊ शकतं ते उकळूनही जात नाही. दोन-तीन तास भिजवा आणि त्याच दिवशी संपवा. ताजी पिवळी लिलीची फुलं नवख्याने घेऊच नयेत, सुकवलेली घ्यावीत. ‘शान-याव’ नावाचा लांब कंद सोलताना हात खाजतात, सुरणासारखेच, हातमोजे घाला.

सुपरमार्केटात सुटी भाजी आधी तिथल्याच वजनकाट्यावर नेऊन स्टिकर लावून घ्यायची असते. ते न करता बिलाच्या रांगेत गेलात तर परत पाठवतात. 1 जून 2008 पासून दुकानांना प्लॅस्टिक पिशवी फुकट द्यायला मनाई आहे, तेव्हा कापडी पिशवी न्या. ग्वांगजो-शेनजेन भागात असाल तर ‘छ्येन-दामा’ या साखळीची दुकानं बघून ठेवा: संध्याकाळी 7 पासून दर अर्ध्या तासाला 10 टक्के भाव उतरत जातो. साडेआठच्या सुमाराला जावं, त्यानंतर चांगलं उरत नाही. शांघायकडे डिंगडाँग, मोठ्या शहरांत हमा, ही घरपोच देणारी ॲप्स परीक्षेच्या दिवसांत उपयोगी. त्यासाठी वसतिगृहाचा चिनी अक्षरांतला पत्ता आणि कोणतं फाटक हे लिहून ठेवा. रोजच्यासाठी मात्र बाजारच बरा. ॲपवर भाजी दाबून बघता येत नाही.

घरी आणल्यावर पालेभाजी धुऊन ठेवू नका. ओली भाजी फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी काळवंडते. किचन पेपरात गुंडाळून ठेवा आणि चिरायच्या आधी दोन-तीन पाण्यांतून काढा. नळाचं पाणी धुवायला चालतं, प्यायला उकळूनच. कच्ची कोशिंबीर करायची असेल तर शेवटचं पाणी उकळून गार केलेलं वापरा. हार्बिनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा उणे 20 च्या खाली जातो. बाजारातून चालत येईपर्यंत कोथिंबीर गोठते आणि खोलीत आल्यावर तिचं पाणी होतं. जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवली तर वाचते. उलट हीटरच्या कोरड्या खोलीत आलं आणि मुळा सुरकुततात, म्हणून त्यांना खिडकीजवळ जागा द्या.

चिनी नववर्षाची तयारी वेगळी करावी लागते. 2027 मध्ये ते 6 फेब्रुवारीला आहे. त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून गाळेवाले गावाकडे निघतात आणि साधारण आठवडाभर बाजार अर्धा बंद असतो. जे उघडे असतात ते भाव चढवतात. आधीच्या शनिवारी दोन किलो बटाटे, एक किलो कांदे, चिनी कोबीचा एक मोठा गड्डा, दोन पांढरे मुळे, गाजरं आणि आलं-लसूण भरून ठेवा. पालेभाजी घेतलीत तर पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग टोमॅटो. कोबी अख्खा कापू नका, बाहेरून एकेक पान काढत वापरा.