कोल्हापूरची भेंडी, पुरणपोळी विमानानं पाठवताय? या चुका टाळा

मुंबईहून दुबईचं विमान तीन-साडेतीन तासांचं. तेवढ्याच हिशेबावर पेटी बांधणारे लोक मी दर उन्हाळ्यात बघतो. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही, त्यामुळं माल आधी हायवेनं मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोला न्यायचा. संध्याकाळी गोकुळ शिरगावातून सुटलेली गाडी खंबाटकीत किंवा खंडाळ्यात अडकली नाही, तर आठ-नऊ तास. तिथं एक्स-रे, कस्टम्स, पॅलेट बांधणी (पेट्या एका फळीवर रचून बांधणं), आणि त्यासाठी विमानाच्या कितीतरी तास आधी माल आत द्यायचा. पलीकडं उतरल्यावर पुन्हा तीच वरात. पोळी हवेत तीन तास असते आणि जमिनीवर तीस. बिघडते ती जमिनीवरच. म्हणून मी दारापासून दारापर्यंतचे तास मोजतो आणि त्याच्या दीडपट तरी थंडावा पेटीत भरतो.

वार न बघता माल सोडणं ही माझी स्वतःची जुनी चूक. गुरुवारी रात्री गाडी सोडली, शनिवारी पहाटे माल दुबईत. रविवारी ऑफिसं उघडतील म्हणून मी निर्धास्त. पण अमिरातीत जानेवारी 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवारी गेली आहे, हे डोक्यातून निसटलेलं. घेणाऱ्याचा एजंट सोमवारी उगवला, तोवर पोळ्यांचा लगदा. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवारच सुट्टी आहे. आता मंगळवारी-बुधवारी पोचेल असाच माल सोडतो, आणि दोन्हीकडच्या सणांचं कॅलेंडर टेबलावर ठेवतो.

सगळ्यांना एकच थंडी

‘थंड ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. फ्रोजन मालाला उणे 18 अंश लागतं. मेथी-कोथिंबिरीला शून्य ते दोन. भेंडी आणि हिरवी मिरची सातच्या खाली गेली की अंगावर खड्डे आणि काळे डाग पडतात. आंबा बारा-तेराच्या खाली नेला तर वरून धड दिसतो, पण नंतर नीट पिकतच नाही. जागा वाचवायला भेंडीच्या पेटीत ड्राय आइस, म्हणजे भाजी गोठवून टाकणारा कोरडा बर्फ, टाकणाऱ्यांना काय म्हणावं? आणि फ्रोजनच्या पेटीत कोपरा रिकामा आहे म्हणून गुळाची ढेप ठेवू नका. पेटी उघडली की गार गुळावर हवेतली वाफ बसते आणि गुळाला पाणी सुटतं. त्याला थंडी लागतच नाही, त्याला वेगळा कोरड्या खोक्यात जाऊ द्या.

भाजीच्या बाबतीत आणखी एक. दुपारच्या उन्हात तोडलेली भेंडी तशीच गरम पेटीत बंद केली, तर ती आतल्या आत घाम सोडते, पुठ्ठा मऊ होतो आणि वरच्या पेट्यांच्या वजनानं खालची बसते. पहाटे तोडा, आधी गार करा, मगच पेटी भरा.

ड्राय आइसचे घोटाळे

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. थर्माकोलच्या मध्यम पेटीतून ढोबळमानानं दिवसाला अडीच ते साडेचार किलो उडून जातो. दोन किलो घालून दोन दिवसांची अपेक्षा करणं म्हणजे देवावर हवाला. आणि ‘गळायला नको’ म्हणून झाकणाला चारी बाजूंनी टेप मारून पेटी हवाबंद करू नका. वायूला वाट मिळाली नाही तर पेटी फुटते. ड्राय आइस मालाच्या वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. रिकामी जागा कागदानं भरा.

विमान कंपनीच्या लेखी हा धोकादायक माल आहे: धोकादायक मालाच्या यादीत त्याचा क्रमांक यूएन 1845, वर्ग 9. पेटीवर तसं लेबल, ड्राय आइसचं किलोत निव्वळ वजन आणि एअरवे बिलावर (विमानानं जाणाऱ्या मालाच्या पावतीवर) नोंद, तिन्ही हवीत. एक राहिलं तर पेटी विमानात चढत नाही. एका विमानात किती ड्राय आइस न्यायचा यालाही मर्यादा असते, म्हणून बुकिंग करतानाच आकडा सांगायचा. प्रवाशाला स्वतःच्या सामानात नेता येतो तो माणशी अडीच किलोपर्यंत, तोही कंपनीची परवानगी घेऊन. कोल्हापूरहून मुंबईला बंद कारमध्ये पेट्या नेत असाल तर काच खाली ठेवा. हा वायू साठला की माणूस गुदमरतो.

काही जण जेल पॅकवर (गोठवून वापरायच्या जेलच्या पिशव्यांवर) फ्रोजन माल पाठवतात. साधा जेल पॅक शून्याच्या आसपास वितळतो, तो उणे 18 कुठून धरणार? तो मेथीचा सोबती.

ड्राय आइसही गोठलेल्याला गोठलेलं ठेवण्यापुरताच. दुकानातल्या डीप फ्रीजरात शंभर कोमट पोळ्या एकदम रचल्या, तर त्या हळूहळू गोठतात, बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि बर्फ सुटल्यावर पोळीचा भुगा पडतो. गार वाऱ्याच्या झोतानं झटपट गोठवणारा उणे 30-40 चा ब्लास्ट फ्रीजर भाड्यानं मिळतो का ते बघा. पोळीच्या पोटात उणे 18 झाल्याशिवाय पेटी भरू नका.

कागद, आणि पेटीतला खरा पदार्थ

आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), एफएसएसएआयचा अन्न परवाना, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) हे सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट, बघतोच. गोची होते ती पदार्थाच्या नावावर. बिलावर नुसतं ‘होममेड फूड’ लिहिलं की समोरचा अधिकारी पेटी उघडतो, आणि उघडी पेटी म्हणजे गेलेली थंडी. भाजीच्या फायटो प्रमाणपत्रावरचं (कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्यावरचं) नाव, वजन आणि पेट्यांची संख्या बिलाशी अक्षरशः जुळली पाहिजे. किडकं एक वांगंही चालत नाही. किडी सापडल्या म्हणून मे 2014 मध्ये युरोपीय संघानं आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू एकदम बंद केलं होतं.

आपली कांदा-लसूण चटणी अमेरिकेला विकत असाल तर लेबलावर तीळ ठळक लिहा. 1 जानेवारी 2023 पासून तिथं तीळ हा मोठ्या ॲलर्जनांच्या (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या) यादीत आहे, शेंगदाणा आधीपासूनच होता. विक्रीचा माल पोचण्याच्या किमान चार तास आधी तिथल्या अन्न खात्याला आगाऊ सूचनाही गेलेली असावी लागते. तांबड्या रश्श्याबद्दल दर महिन्याला कोणीतरी विचारतं. मटण घातलेला रस्सा घरून अमेरिकेला किंवा युरोपला जाणार नाही, कितीही गोठवा. मटणाशिवायचं रश्श्याचं वाटण पाठवा आणि मटण तिथलं घ्या. चव थोडी बदलते, हे मान्य.

भाडं वजनावर की आकारावर, यातही फसगत होते. 60 × 40 × 40 सेंटीमीटरच्या पेटीत माल दहा किलो असला, तरी एअर कार्गो लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 6000 नं भागून 16 किलो लावतं, कुरिअर 5000 नं भागून 19.2. माप थर्माकोलच्या बाहेरून धरतात.

पेटी खराब पोचलीच तर

आधी कुठं बिघडलं ते शोधा. साठ-सत्तर पोळ्यांच्या पेटीत मी तापमान नोंदवणारं छोटं लॉगर टाकतो. ते नसेल तर झाकणाच्या डबीत पाणी गोठवून वर एक रुपया ठेवा. पोचल्यावर रुपया बर्फात बुडालेला दिसला, तर मधे कुठंतरी सगळं वितळून परत गोठलंय. पाकिटात सुटा बर्फ आणि एकमेकांना चिकटलेल्या पोळ्या हीच गोष्ट सांगतात. लॉगरची वेळ एअरवे बिलाच्या ट्रॅकिंगशी ताडली की जागा सापडते: आपला टेम्पो, सहारची शेड, का पलीकडचं गोदाम.

घेणाऱ्यानं सही करण्याआधी पावतीवरच ‘पेटी ओली, माल मऊ’ असं लिहून फोटो काढावेत. विमान वाहतुकीतल्या भरपाईच्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करायची असते. भरपाई किलोवर ठरते, पोळीच्या किमतीवर नाही, आणि पॅकिंगच कच्चं होतं असं निघालं तर तीही हातची जाते. विमा वेगळा काढा, आणि त्यात थंडी गेल्यामुळं झालेलं नुकसान धरलंय का ते वाचूनच पैसे भरा.