एडिंबराचा किल्ला: चढायचं कसं, पाहायचं काय

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि उन्हाळ्यात दारात तिकीट मिळेलच असं नाही. वेव्हर्ली स्टेशनपासून रॉयल माइलने चढत गेलं की साधारण 15 मिनिटांत पोचता. ऑगस्टमध्ये मात्र याच रस्त्यावर महोत्सवाची तोबा गर्दी असते, तेव्हा जास्त वेळ धरा.

सकाळी 9.30 ला दार उघडताच आत शिरा आणि आधी थेट वरच्या क्राउन स्क्वेअरला जा. स्कॉटलंडचा राजमुकुट ठेवलेली खोली लहान आहे, उशिरा गेलात तर रांगेतच वेळ जातो. तिथे फोटो काढू देत नाहीत. राज्याभिषेकाची शिळा पाहायची असेल तर पर्थला जावं लागेल. 2024 पासून ती तिथल्या संग्रहालयात आहे.

मग सेंट मार्गारेटचं चॅपल. बाराव्या शतकातली ही इवलीशी वास्तू शहरातली सर्वांत जुनी, आणि आमच्या मते किल्ल्यातली सर्वांत देखणी. बाहेरच 1449 ची माँस मेग तोफ आहे. सुमारे 150 किलोचा दगडी गोळा फेकणारं तिचं तोंड जवळून बघाच.

दुपारी 1 ची तोफ रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज उडते. पुढे उभं राहायचं तर 12.40 लाच मिल्स माउंटवर जागा धरा. लहान मुलांचे कान झाका.

फरसबंदी पावसात फार निसरडी होते, पकड असलेले बूट घाला. लँग स्टेअर्सच्या 70 पायऱ्या झेपत नसतील तर वळणाचा रस्ता आहेच. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीचं जॅकेट न्या.