‘आता बिघडलंच आहे तर...’ : वजन कमी करताना मनातल्या नकारात्मक विचारांशी कसं वागावं

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला काय खावं हे बहुतेक वेळा माहीत असतं. भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक, रोजचं चालणं. यात गुपित काही नाही. तरीही बेत दोन-तीन आठवड्यांत बारगळतो. तो बारगळला त्या दिवसाकडे नीट पाहिलं, तर तिथे भुकेच्या जोडीला एखादं वाक्य सापडतं. “माझ्याच्याने होणार नाही.” “एवढं करून काटा जागचा हलत नाही.” “आता बिघडलंच आहे तर पोटभर खाऊन घेऊ, सोमवारपासून बघू.”

माझं मत आधीच सांगते. एका जास्तीच्या लाडवाने फारसं नुकसान होत नाही. त्या लाडवानंतर आपण स्वतःला जे सुनावतो, त्याने पुढचे पंधरा दिवस हातचे जातात. म्हणून आहाराच्या तक्त्याइतकीच या वाक्यांचीही तयारी हवी.

सुरुवात करण्याआधी

एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. थायरॉईड, पीसीओडी (बायकांच्या अंडाशयाशी आणि हार्मोन्सशी संबंधित विकार), स्टेरॉईड किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं, यांमुळे वजन सहज उतरत नाही. ते माहीत नसेल तर माणूस आजाराचा दोष स्वतःच्या आळसाला देत बसतो. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. तुम्ही या मर्यादांच्या आत असाल, तर वजन खरंच कमी करायचं आहे का, हेही डॉक्टरांनाच विचारा.

पायरी १ : मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहून काढा

“फार निगेटिव्ह वाटतंय” असं लिहून उपयोग नाही. मन नेमकं काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरायला हवं.

समजा, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू आहे. एका संध्याकाळी तीन घरी जाऊन आलात. पहिल्या घरी तिळाचे लाडू, दुसरीकडे बटाटेवडा आणि मसाला दूध, तिसरीकडे “एवढी तरी घ्याच” म्हणत वाढलेली तूप लावलेली गुळपोळी. घरी परतताना डोक्यात एकच चालू: “मला तोंडावर ताबाच नाही. महिनाभराची मेहनत पाण्यात गेली.”

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात घडलं ते लिहा: तीन घरी गेले, दोन लाडू, एक वडा, दूध, एक गुळपोळी. दुसऱ्यात मनाचं वाक्य. तिसऱ्यात त्या वाक्याची तपासणी. ‘ताबाच नाही’ हे खरं आहे का? आज सकाळी चालून आले होते, दुपारचं जेवण ठरल्याप्रमाणे झालं, दुसऱ्या वड्याला नको म्हटलं. ‘मेहनत पाण्यात गेली’ हे खरं आहे का? शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. तिन्ही घरचं मिळून जास्तीचं झालं असेल फार तर हजार-बाराशे. तेव्हा तिसऱ्या रकान्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: “आज ठरवल्यापेक्षा बरंच जास्त खाल्लं. पोटात भूक घेऊन गेले होते आणि नको कसं म्हणायचं हे ठरवलं नव्हतं.”

या वाक्यात स्वतःची खोटी स्तुती नाही, आणि ती नसावीच. “मी ठरवलं तर काहीही करू शकते” असली वाक्यं आरशासमोर म्हटली तरी रडवेल्या मनाला ती पटत नाहीत. खरं आणि उपयोगाचं वाक्य मात्र पटतं, कारण त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. इथे तर सरळच कळलं: निघण्याआधी घरी वाटीभर उसळ खाऊन निघायचं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती याच पायावर उभी आहे. त्रास फक्त घटनेमुळे होत नाही, घटनेबद्दल आपण जो समज करून घेतो त्यामुळे होतो, आणि समज तपासता येतो. मराठीत ही पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्यापर्यंत आणली. रकान्यांची सवय लागेपर्यंत रोज लिहा. पुढे पुढे ही तपासणी जिना चढता चढताही होते.

पायरी २ : वजनकाट्याचा आकडा वाचायला शिका

सगळ्यात जास्त निराशा या काट्यावर होते, आणि त्यातली बरीचशी विनाकारण असते. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. काटा झपकन खाली येतो. आपण हरखतो. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की वाटतं, संपलं सगळं. प्रत्यक्षात चरबी तेव्हाही तिच्या संथ गतीने कमी होतच असते.

उलटंही तसंच. शुक्रवारी ७१.६ किलो. शनिवारी लग्नाचं जेवण, त्यात पापड, लोणचं, मठ्ठा, जिलबी. रविवारी सकाळी काट्यावर ७२.८. एका जेवणात सव्वा किलो चरबी चढायला नऊ हजारांहून जास्त कॅलरी जास्तीच्या लागतील; इतकं कुणी जेवत नाही. मिठाने धरलेलं पाणी आणि अजून पोटात असलेलं अन्न हे त्या आकड्यात मिसळलेलं आहे. नेहमीसारखं जेवत राहिलात तर बहुधा बुधवार-गुरुवारपर्यंत आकडा पुन्हा जागेवर येतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचं वजन असंच पाण्यामुळे वाढलेलं दिसतं, तेव्हा दर महिन्याला त्याच दिवसांची तुलना करा.

वजन करायचं तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. रोजचा आकडा लिहून आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीशीच सरासरी ताडून पाहा. आकड्याने तुमचा दिवस नासत असेल तर काटा सरळ माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी एकदा टेपने कंबर मोजा.

पायरी ३ : चुकलेल्या जेवणानंतरचं जेवण सांभाळा

माझ्या मते सगळ्या लेखात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तितकं आइसक्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. ज्या सतत डाएटवर असत, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. पोट दोघींचंही भरलेलंच होतं. डाएटवाल्यांचा नियम मोडला होता, आणि मोडलाच आहे तर आता काय, असं मनाने घेतलं होतं.

मग शिस्त आणखी कडक करायची का? २००७ साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी नेमकं उलटं करून पाहिलं. डोनट खाल्लेल्या स्त्रियांपैकी काहींना प्रयोग घेणाऱ्यांनी मायेने सांगितलं की असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला फार बोल लावू नका. खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांना हे ऐकवलं, त्यांनी नंतर पुढ्यातल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःला माफ केलं तर आपण सैल सुटू, ही भीती बऱ्याच जणांना असते. या प्रयोगात तसं घडलं नाही.

म्हणून रात्री पार्टीत खूप खाल्लं गेलं, तर सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी, ठरला तेवढाच. शिक्षा म्हणून उपाशी राहू नका आणि दुप्पट चालूही नका. उपाशी राहिलात तर संध्याकाळी पाचला तुम्ही फरसाणाचा डबा उघडणारच. आणि ‘सोमवारपासून’ हा शब्द घरातून हद्दपार करा. पुन्हा सुरुवात करायला पुढचं जेवण पुरतं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी दोन वेळा झाली असेल, तरी रात्री उपास सोडताना साधा वरणभात आणि भाजीच घ्यायची.

पायरी ४ : ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणण्याआधी वाट आखा

संध्याकाळी साडेसातला स्टेशनबाहेर वडे तळले जात असताना, दुपारी एकनंतर काही न खाल्लेल्या माणसाने इच्छाशक्तीवर विसंबून राहू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं की ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं असेल तर ठरवलेली गोष्ट हातून घडण्याची शक्यता वाढते. तुमची वाक्यं तुमच्या दिवसातूनच घ्या.

“साडेपाच वाजले की ऑफिसातच पर्समधले फुटाणे आणि चहा.”
“पावसाने चालणं बुडलं तर घरातच वीस मिनिटं जिना.”
“भांडण झालं आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला, तर आधी बहिणीला फोन.”

सवय किती दिवसांत लागते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८पासून २५४ दिवसांपर्यंत फरक पडला. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, हेही त्यात दिसलं. एकवीस दिवस होऊनही पहाटे उठणं जड जातंय म्हणून स्वतःला नालायक ठरवू नका.

पायरी ५ : लोकांच्या बोलण्याची उत्तरं आधी ठरवा

“किती सुटलीस गं!” म्हणणारी काकू आणि चार महिन्यांनी “आजारी होतीस का, चेहरा पार उतरलाय” म्हणणारी काकू बरेचदा एकच असते. दोन्ही वेळा लागतं. तिथल्या तिथे उत्तर सुचत नाही, म्हणून ते घरून घेऊन जा. “काकू, तब्येत अगदी छान आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?” एवढं पुरतं. आग्रह करणाऱ्याला “डाएट आहे” म्हटलं की चर्चा सुरू होते, “मावशी, फार छान झालंय, पण पोट भरलं. घरी न्यायला एक द्या” म्हटलं की त्यांचा मानही राहतो.

दुसऱ्याशी स्वतःची तुलना करणारी वाक्यं याहून चिवट असतात. “ती इतकं खाते तरी बारीक.” पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून पाहून कुणाच्या शरीरात काय आहे ते कळत नाही. शेजारणीच्या ताटावरून स्वतःची किंमत करणं सोडा.

पायरी ६ : उत्साह ओसरल्यावर काय मोजायचं ते ठरवून ठेवा

उत्साह ओसरतोच. ‘लग्नाआधीचं वजन’ हे ध्येय असेल तर तो लवकर ओसरतो, कारण ते कायम लांबच दिसतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात ध्येय होतं ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे ५.६ किलो. तेवढंच पहिलं ध्येय ठेवा.

काटा थांबला असेल त्या दिवसांत दुसरं काही मोजा: तिसऱ्या मजल्यावर दम लागतो का, ब्लाउज सैल झाला का, रात्री झोप लागते का. झोपेकडे तर खासच बघा, कारण कमी झोपलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि विचारही जास्त काळे येतात. सहा तासांहून कमी झोपून वर स्वतःला दोष देणाऱ्यांनी आधी रात्रीचा मोबाईल बाजूला ठेवावा.

वही पुरत नसेल तेव्हा

भराभर, लपून, पोट दुखेपर्यंत खाणं वारंवार होत असेल, खाऊन उलटी काढली जात असेल, किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून राहिली असेल, तर वजन कमी करण्याचा बेत थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बोलायला सुचत नसेल तर “वजनावरून फार त्रास होतोय” इतकंच म्हणून सुरुवात केली तरी चालते.