हॉस्पिस ठरवण्याआधी रात्री दोनला फोन करून बघा

हॉस्पिस म्हणजे आजार बरा होणार नाही हे कळल्यावर शेवटच्या काळात पेशंटचं दुखणं आणि त्रास सांभाळणारी सेवा, घरी येऊन किंवा ऍडमिट करून. बाबांच्या वेळी आम्ही पहिलं हॉस्पिस निवडलं ते ऑफिस बघून. स्वच्छ, शांत, भिंतीवर सूर्यास्ताचा फोटो, बोलणारी बाई इतकी गोड की आईला तिथेच रडू आलं. आठव्या रात्री दोन वाजता बाबा तळमळायला लागले, फोन लावला तर आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग कुणीतरी नाव-नंबर लिहून घेतला, आणि अर्ध्या तासाने उत्तर आलं की सिस्टर सकाळी नऊला येतील, तोवर धीर धरा. म्हणजे सात तास. ते सात तास कसे गेले ते लिहीत नाही, पण दोन दिवसांनी आम्ही हॉस्पिस बदललं आणि दुसऱ्या वेळी मात्र सगळं उलटीकडून बघितलं, आधी रात्र आणि मग दिवस. तेच इथे लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर बरं.

तर सगळ्यात पहिलं काम हे, की सही करायच्या आधी त्यांचा रात्रीचा नंबर मागून घ्या आणि खरंच रात्री लावा, एकदा दोन-अडीचला आणि एकदा रविवारी दुपारी. लाजायचं नाही, ती माणसं ड्युटीवरच असतात. सरळ सांगा की आमचा पेशंट अजून तुमच्याकडे नाही, आम्ही ठरवतोय, पण रात्री अचानक दुखायला लागलं तर नेमकं काय होतं ते सांगा. आता फोन उचलणारा स्वतः सिस्टर आहे की फक्त निरोप घेणारा, पेशंटची फाईल त्याच्यासमोर उघडते का, डोस वाढवायचा असेल तर डॉक्टरला रात्री उठवतात की सकाळची वाट बघतात, आणि कुणी घरी यायचं ठरलं तर किती वेळात पोचतं, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. आम्ही दुसऱ्या ठिकाणी लावला तेव्हा तिसऱ्या रिंगला सिस्टरने उचलला आणि आमचं ऐकून तिने उलटा प्रश्न विचारला, "आत्ता त्यांना दुखतंय का?" आमचा पेशंट त्यांच्याकडे नसताना! तिथेच निम्मं ठरलं.

दुसरी गोष्ट दुखणं, आणि यावर जरा जास्त लिहितो कारण हॉस्पिस चांगलं की नुसतं गोड बोलणारं हे इथे कळतं. आजच्या पद्धतीचं हॉस्पिस सुरू केलं सिसली सॉन्डर्स या बाईंनी, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स म्हणून. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या, त्यामुळे पेशंटकडे तिन्ही बाजूंनी बघायची सवय. त्यांचा आग्रह असा की मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, घड्याळ लावून द्यायचं, पेशंट कळवळून मागेल तेव्हा नाही, कारण दुखणं एकदा वर चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं, आणि पुढच्या दुखण्याच्या भीतीने माणूस आधीच अर्धा होतो ते वेगळंच. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत सांगितली त्यातही घड्याळाप्रमाणे औषध हा भाग होताच. तेव्हा विचारा की ठरलेल्या डोसच्या मध्येच दुखणं उसळलं तर काय देता. उत्तर तयार असलं पाहिजे. मधल्या वेळेचा जादा डोस आधीच लिहून, घरी आणून ठेवलेला असतो, साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या भागाएवढा (हे गणित त्यांनी करायचं, तुम्ही नाही), आणि तो दिल्यावर तासाभरात ते पुन्हा विचारतात की कमी झालं का. "तेव्हाचं तेव्हा बघू" असं म्हणाले तर उठा तिथून.

मग दोन छोटे प्रश्न टाकायचे. एक, गोळी गिळता येईना झाली की पुढे काय? ही वेळ बहुतेकांवर येतेच, त्यामुळे अनुभवी माणूस लगेच सांगतो, जिभेखाली किंवा गालाच्या आत थेंब, कातडीखाली बारीक सुई, नाहीतर हळूहळू औषध सोडणारा छोटा पंप. दोन, पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, कधी लावता? दुखणाऱ्याला लावतात तो फेंटॅनिल या मॉर्फिनसारख्याच औषधाचा पॅच पूर्ण लागू पडायला १२ ते २४ तास घेतो, त्यामुळे अचानक उसळलेल्या दुखण्यावर "पॅच लावून देऊ" म्हणणाऱ्याला विषय कळलेला नाही. आणि पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं, आम्हाला पहिल्या हॉस्पिसवाल्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या हॉस्पिसची सिस्टर पहिल्यांदा घरी आली तेव्हा ती फाईल घेऊन खुर्चीत बसली नाही, बाबांच्या पलंगाच्या कडेला बसली, आणि पहिला प्रश्न काय तर, "काका, शेवटची शी कधी झाली?" आईने माझ्याकडे बघितलं, हे काय विचारतेय म्हणून. पाच दिवस झाले होते! मॉर्फिनने पोट बांधतं आणि ते आपोआप सुटत नाही, म्हणून मॉर्फिन सुरू केलं त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध सुरू करायचं असतं, पहिल्यांनी दिलंच नव्हतं आणि बाबांची अर्धी तळमळ त्याचीच होती. मग तिने टॉर्च लावून तोंडाच्या आत बघितलं, टाचांखाली हात घातला, कूस वळवून पाठ आणि माकडहाड बघितलं, आणि हे सगळं करताना बोलत बाबांशीच होती, आमच्याशी नाही. माझं मत विचाराल तर या वीस मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही ऑनलाइन रिव्ह्यूत कळत नाही. पहिल्या भेटीत शी, तोंड आणि टाचा यातलं काहीच न बघता कुणी फक्त फॉर्म भरून गेलं तर मनात नोंद करा.

पेशंटला बोलता येत नसेल, विसराळूपणाचा आजार असेल किंवा ग्लानीत असेल तर विचारा की दुखतंय हे तुम्हाला कसं कळतं. श्वास कसा चाललाय, कण्हणं, चेहरा आक्रसणं, अंग ताठ धरणं, आणि हात फिरवला की शांत होतोय का, या पाच गोष्टी बघून मार्क देण्याची रीतसर पद्धत आहे. "सांगत नाहीत म्हणजे दुखत नसेल" हे वाक्य ऐकलंत की संपलं.

ऍडमिट करायचं असेल तर आधी जाऊन या, पण अकरा वाजता ठरवून नको, तेव्हा सगळीकडे छानच असतं. संध्याकाळी ड्युटी बदलायच्या सुमाराला जा. वास घ्या, म्हणजे फिनेलचा खूप वास येत असेल तर तो कशावर मारलाय हा प्रश्न पडायला हवा. बेल पेशंटच्या हाताला लागते का की भिंतीवर लटकलीये, पाण्याचा पेला ज्या बाजूचा हात चालतो त्या बाजूला आहे का, ओठ सुकून फुटलेत का, नखं कापलेली आहेत का, आत येताना दारावर टकटक करतात का, पेशंटला नावाने हाक मारतात की "सात नंबर" म्हणतात. एखादी बेल वाजली की घड्याळ बघा, कोण उठतं आणि किती वेळाने. आणि जमलं तर एखाद्या नातेवाईकाशी बाहेर दोन मिनिटं बोला, चहाच्या मशीनपाशी लोक खरं बोलतात.

नोंदींबद्दलही विचारा. दुखण्याचे आकडे सगळेच लिहितात हल्ली, ० ते १० मध्ये किती म्हणून. पण ८ लिहिलं, त्यापुढे काय दिलं, कितीला दिलं आणि तासाने तो आकडा किती झाला हे लिहिलंय का? नुसता ८ लिहून पुढचं पान उलटलेलं असेल तर ती नोंद पेशंटसाठी नाही, तपासणीसाठी आहे.

दुखण्याशिवाय बाकीचंही असतंच. धाप लागली तर काय करता विचारा, फक्त ऑक्सिजन एवढंच उत्तर आलं तर अर्धवट आहे, चेहऱ्यावर पंख्याचा वारा, उशा लावून बसवणं आणि मॉर्फिनचा लहान डोस यानेही धाप कमी होते. शेवटी शेवटी घशात घरघर होते ती ऐकून घरचे हादरतात, पेशंटला त्याचा त्रास बहुधा होत नसतो, कुशीवर वळवलं की कमी होते, औषधही असतं. रात्री अचानक बडबड, कपडे ओढणं, उठून जायला बघणं, यावरची औषधं घरात आधीच आणून ठेवतात का? चांगली टीम एक छोटा डबा देऊन ठेवते, त्यावर कुठल्या त्रासाला कुठली बाटली आणि किती हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आमचा फ्रीजवर होता, खाली फोन नंबर.

आणि हे फार महत्त्वाचं, की ते आधी सांगतात का. खाणं-पिणं आपोआप कमी होतं आणि जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं, तोंड ओल्या स्पंजने पुसत राहायचं. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट चट्टे येतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. आमच्या सिस्टरने हे पंधरा दिवस आधी स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, हळू आवाजात, आणि मला तेव्हा तिचा राग आला होता, पण तो थांबून थांबून चालणारा श्वास सुरू झाला तेव्हा आम्ही अँब्युलन्स बोलवायला धावलो नाही.

माणसांचं विचारा. एका सिस्टरकडे किती पेशंट, दर वेळी तीच येणार का, डॉक्टर स्वतः कधी येतात, समुपदेशक आहे का. आकड्यापेक्षा उत्तर देताना अडखळतात का ते बघा. पैशांचं सगळं कागदावर घ्या, पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचं मशीन, डायपर, औषधं, यातलं त्यांचं काय आणि आपलं काय, कारण "सगळं आम्ही बघू" हे मीही ऐकलंय. सही करताना हॉस्पिटलमध्ये परत जायचं झालं तर काय आणि सोडायचं झालं तर काय, हे दोन्ही विचारून घ्या. सहीची घाई करणारा, आजार बरा होईल असं सुचवणारा, किंवा घरी राखणाऱ्याला चार दिवस विश्रांती मिळेल अशी काही सोय आहे का विचारल्यावर हसणारा, या तिघांपासून लांब.

कुणाला विचारायचं म्हणाल तर कॅन्सर वॉर्डच्या जुन्या सिस्टरला. "चांगलं कुठलं" असं विचारलं की ती दोन-तीन नावं सांगेल, "तुमच्या आईला कुठे ठेवाल" विचारलं की एकच सांगेल.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की ही चौकशी आत्ता केली तर आपण आशा सोडली. २०१० साली बॉस्टनचा एक अभ्यास आला होता, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी) दिली, त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं आणि ते थोडं जास्त जगलेही, गटातल्या मधल्या पेशंटचा हिशोब धरला तर ११.६ महिने, बाकीच्यांत ८.९. ते हॉस्पिस नव्हतं, उपचार चालूच होते, पण उशीर करून काही मिळत नाही एवढं त्यातून कळतं. आम्ही उशीर केला. ऐन वेळी धावाधाव करताना बेल हाताला लागते का हे कोण बघणार?

आणि घेतल्यावर पटलं नाही तर बदला. आम्हाला वाटलं होतं आता मधेच कसं बदलायचं, त्यांना वाईट वाटेल वगैरे. एक फोन, एक फॉर्म, दुपारपर्यंत दुसरी टीम घरी होती. फक्त मधल्या रात्रीची औषधं पहिल्यांकडून पुरेशी घेऊन ठेवा, ती रात्र मोकळी जायला नको.

शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही, तो म्हणजे गेल्यानंतर काय. बाबा पहाटे गेले, सिस्टर पाऊण तासात आली, कॅथेटर (लघवीची नळी) काढला, आईला विचारलं तुम्ही तोंड पुसता का की मी पुसू. उरलेलं मॉर्फिन तिने आमच्यासमोर मोजलं, लिहिलं, माझी सही घेतली आणि घरात न ठेवता बरोबर नेलं. आईशी ते वर्षभर अधूनमधून बोलत होते. पहिला फोन तीन आठवड्यांनी आला, मी उचलला, पण त्यांना आईशीच बोलायचं होतं, ती रात्री झोपते का ते विचारायला.