हस्ताआधी तलाव: सांडवा, भराव, गाळ आणि काठ

सोलापूरकडचे तलाव मृगात भरत नाहीत. जून-जुलैचा पाऊस हुलकावण्या देतो, तळात चिखल करतो आणि निघून जातो. तलाव भरतो उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, आणि कधीकधी दोन रात्रींत. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसाने हे साऱ्या जिल्ह्याला दाखवून दिलं. म्हणून तपासणीच्या फेऱ्या दोन ठेवायच्या. पहिली मे महिन्यात, तळ कोरडा असताना. दुसरी गणपती उठले की लगेच. नुसत्या मेच्या फेरीवर भागत नाही, कारण चार महिन्यांत गवत कमरेला लागतं, उंदीर-खेकडे नवी बिळं पाडतात आणि सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी काय काय येऊन साठतं.

निधी आला की गावाचं पहिलं लक्ष गाळाकडे जातं आणि दुसरं काठावरच्या बाकड्यांकडे. दोन्ही कामं चांगली, फोटोही छान येतात. पण भराव (पाणी अडवणारा मातीचा बांध) आणि सांडवा धड नसेल तर गाळ काढून वाढवलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत राहीलच असं नाही. इथे कामं त्याच क्रमाने दिली आहेत ज्या क्रमाने ती करावीत.

तलाव कुणाचा

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारे) बहुतेक जिल्हा परिषदेकडे आहेत. हिप्परग्याच्या एकरुख तलावासारखे मोठे जलसंपदा विभागाकडे, तर शहरातल्या तलावांसाठी महापालिका गाठावी लागते. झुडपं काढणं, कचरा उचलणं, पातळीची नोंद ठेवणं हे ग्रामपंचायतीने पत्र देऊन करता येतं. भरावात खोदणं, सांडव्याच्या भिंतीला हात लावणं, माथ्याची उंची बदलणं यासाठी शाखा अभियंत्याची लेखी परवानगी आणि त्यांची जागेवर हजेरी हवीच. हे कागदासाठी नाही. भरावाचा गाभा (आतली घट्ट मातीची भिंत) कुठे आहे, त्याच्या पायाचा खंदक किती खोल गेलाय, हे नकाशा पाहिल्याशिवाय वरून कळत नाही.

सांडवा

मातीचा भराव वरून पाणी गेलं की टिकत नाही. बाहेरच्या उतारावर पाण्याला वेग येतो, पायथ्याची माती आधी जाते, मग खळगा मागे मागे खात माथ्यापर्यंत येतो. त्यामुळे जादा पाणी वेळेत बाहेर काढणारा सांडवा हाच तलावाचा जीव.

एक हिशेब करून पाहा. सांडव्याची भिंत २० मीटर लांब आहे आणि तिच्यावरून ६० सेंटिमीटर पाणी चाललंय. सेकंदाला साधारण १६ घनमीटर पाणी निघतं. आता कुणी त्या भिंतीवर ३० सेंटिमीटर उंचीच्या वाळूच्या गोण्या रचल्या. तलावातली पातळी तीच, पण वरून जाणारं पाणी उरलं ३० सेंटिमीटर. निघणारं पाणी निम्मं होत नाही. साडेपाच घनमीटरवर येतं, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश. उरलेलं तलावात साठत जातं आणि भरावाचा माथा गाठतं. गोण्या रचणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, रब्बीला आणखी एक पाणी मिळावं एवढंच त्याच्या मनात असतं. तरीही गोण्या, दगड, विटांचे थर, जे काही भिंतीवर असेल ते गणपतीनंतरच्या फेरीत उतरवायचंच.

दुसरी अडचण मासेमारीच्या जाळीची. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी ताणतात. पुराच्या पाण्याबरोबर उसाचं पाचट, जलपर्णी, प्लास्टिक येतं आणि तासाभरात त्या जाळीची भिंत होते. ठेका देतानाच करारात लिहून घ्यावं: जाळी मोठ्या भोकांची, खुंट्यांवर अडकवलेली, आणि जोराच्या पावसाचा इशारा आला की काढून ठेवायची. काढणार कोण, त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असावं.

सांडव्याच्या पुढचा चर टेपने तीन ठिकाणी मोजा: तोंडाशी, मध्ये, आणि तो ओढ्याला मिळतो तिथे. भिंतीपाशी २० मीटर आणि ओढ्यापाशी सहा मीटर असं माप निघालं तर मधल्या शेतकऱ्याने चरात ज्वारी पेरलेली असते. चार-पाच वर्षं सांडवा चालला नाही की ती जमीन त्याला आपलीच वाटू लागते. हे पावसाआधी तलाठ्यासमोर मोजणी करून सोडवायचं, पुरात भांडून सुटत नाही. चर आणि भराव यांच्यामधली मार्गदर्शक भिंत फुटली असेल तर ती आधी बांधा. नाहीतर पाणी वळून थेट भरावाच्या पायथ्याशी येतं. चराच्या तळात खडक उकरून खड्डा पडत भिंतीकडे सरकत असेल, तर त्यात तारेच्या जाळीत बांधलेले दगड भरावेत. सुटे दगड पहिल्याच पुरात जातात.

भराव

माथ्याची पातळी पाहायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाइप, २० मीटरची पारदर्शक, पुरते. पाइपात हवेचे बुडबुडे ठेवू नका. सांडव्याच्या भिंतीपासून सुरुवात करून दर १५ मीटरला माथा भिंतीपेक्षा किती उंच आहे ते वहीत लिहा. गुरांच्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर माथा हमखास दबलेला सापडतो. पाणी वरून गेलं तर आधी तिथूनच जाणार. ती जागा मुरूम टाकून नुसती सपाट करू नका. आधी जुना पृष्ठभाग टिकावाने खरवडा, पाणी शिंपडा, मग १५ सेंटिमीटरचे थर देत धुम्मस करा, म्हणजे ठोकून दाबा. माथ्याला उतार पाण्याच्या बाजूला ठेवावा, म्हणजे पावसाचं पाणी दगडी पिचिंगवर (पाण्याच्या बाजूच्या उतारावर रचलेल्या दगडांवर) उतरतं आणि बाहेरच्या मातीच्या उताराला घळी पडत नाहीत.

मातीत ओल बरोबर आहे का, हे मुठीने कळतं. माती मुठीत दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर ओल ठीक. भुगा झाला तर कोरडी आहे, आणि खाली पडून नुसता चपटा झाला तर ओली. ओल्या मातीवर रोलर फिरवला की ती दबत नाही, रबरासारखी हलते. काळी माती ओली दाबली तर उन्हाळ्यात तिलाच भेगा जातात.

भेगांचं वाचन नीट शिकून घ्यावं. काळ्या मातीवर उन्हाळ्यात जाळीसारख्या उथळ भेगा पडतात, त्या पावसात मिटतात. माथ्याच्या लांबीला समांतर लांब भेग दिसली आणि तिची एक कड खाली बसलेली असली, तर उतार घसरायला लागलाय. अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा. सगळ्यांत वाईट आडवी भेग, पाण्याच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला जाणारी, कारण पातळी तिथवर आली की पाण्याला आयती वाट मिळते. अशी भेग उकरण्याआधी तिच्यात पाण्यात पातळ कालवलेला चुना ओता. मग भेगेवरून अर्धा-पाऊण मीटर रुंद चर खणत जा. पांढरी रेघ दिसते तोवर भेग आहे, ती संपल्यावर आणखी ३० सेंटिमीटर खाली जा, आणि तिथून वर थर देत भरा. वरून नुसती माती ढकलून बुजवलेली भेग आत पोकळच राहते, आणि पुढच्या वर्षी ती दिसतही नाही.

झाडं हा नाजूक विषय. भरावावर झाड नको, एवढा नियम पक्का. वेडी बाभूळ तर नकोच. जिवंत मुळं माती सैल करतात, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी नळी उरते. म्हणूनच बुंध्याशी कापून सोडलेली बाभूळ न कापलेल्या बाभळीपेक्षा काही कमी घातक नाही. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची झुडपं मे महिन्यात मुळासकट काढा आणि खड्डा थराथराने दाबून भरा. मोठं झाड असेल तर परवानगी आणि अभियंता दोन्ही हवेत. वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला की पाहुण्यांना सोयीचं म्हणून भरावावरच खड्डे घेतले जातात. रोपं पायथ्यापासून निदान दहा मीटर लांब लावायला सांगावं. फोटो तिथेही येतात. उताराला हरळी किंवा मारवेल उत्तम. गवत दाट पण आखूड हवं, म्हणजे बिळं डोळ्यांना दिसतात.

पिचिंगचे दगड घसरले असतील तर वरून माती ओतून उपयोग नाही, लाटा ती धुऊन नेतात. दगड काढा, खालचा खडी-मुरमाचा १५ सेंटिमीटरचा थर पुन्हा द्या, मग मोठे दगड उभे, एकमेकांत अडकवून हाताने रचा.

पाझर दिसला तर

बाहेरच्या पायथ्याशी ओल असणं म्हणजे लगेच धोका नव्हे. मातीचा प्रत्येक भराव थोडा पाझरतो. पाहायच्या गोष्टी दोन: पाणी किती वाढतंय आणि कसं आहे. पाझर एका छोट्या चरात गोळा करून दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि शेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी तीच असताना ४० सेकंदांची बादली २० सेकंदांत भरू लागली, तर आत काहीतरी बदललंय. काचेच्या बाटलीत पाणी धरून उन्हात पाहा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर भरावातली माती बाहेर येतेय, आणि आता वेळ तासांत मोजायचा.

अशा वेळी होणारी मोठी चूक म्हणजे बाहेरून भोक बंद करणं. सिमेंट, चिकणमाती, ताडपत्री, काहीही लावलं तरी आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून नवी वाट काढतं. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी त्या जागेवर आधी जाड स्वच्छ वाळू, मग बारीक खडी, मग ४० मिलिमीटरची खडी, वर दगड, प्रत्येक थर १५ सेंटिमीटरचा. क्रम उलटा झाला, दगड आधी पडले, तर फटींतून माती निघतच राहते. जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येत असेल तर भोवती वाळूच्या गोण्यांचं गोल कडं करा, म्हणजे आत पाणी उभं राहून दाब कमी होतो. विमोचकाची (तलावातून पाणी खाली सोडायच्या मार्गाची) झडप चालू असेल तर उघडून पातळी उतरवा. ती चालू असावी म्हणून मेमध्ये ग्रीस देऊन एकदा पूर्ण उघडून-मिटून पाहिलेली असली पाहिजे. ओढ्याकाठची घरं हलवायची, तहसील कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवायचं. हे तिन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी.

गाळ

गाळाचा हिशेब ब्रासमध्ये चालतो: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एक एकर हलक्या मुरमाड रानावर चार इंच गाळ पसरायला साधारण १४५ ब्रास लागतो, म्हणजे दोन ब्रासच्या टिप्परच्या ७२-७३ खेपा. शेतकऱ्यांची यादी करण्याआधी हे गणित मांडा, नाहीतर पहिल्या तीन शेतांवरच डिझेल संपतं. भारी काळ्या रानाला गाळ देऊ नये. तिथे आधीच निचरा कमी असतो. नेण्याआधी माती तपासून घ्या, विशेषतः ओढ्यातून सांडपाणी येत असेल तर.

भरावाच्या पायथ्यापासून, भरावाच्या उंचीच्या निदान पाचपट अंतर सोडून पोकलेन लावा. दहापट सोडलं तर आणखी बरं. भरावाजवळचा जुना गाळ पाण्याची खालून जाणारी वाट लांबवतो. तो काढला की बाहेर पाझर वाढतो. दूरच्या तळात मात्र पाझर तलावाला गाळ मुरमापर्यंत काढलेला चांगला, खालच्या विहिरींना पाणी तिथूनच लागतं. साठवण तलावात मुरूम दिसला की थांबायचं.

खोदताना कडा उभ्या ठेवू नका. निदान एकास तीन उतार द्या, म्हणजे एक मीटर खोलीला तीन मीटर आडवं अंतर. हा मुद्दा पाण्यापेक्षा माणसांचा आहे, काठाच्या कामात तो पुन्हा येतो.

काठ

सोलापूर शहरातल्या सिद्धेश्वर तलावाभोवती देऊळ आहे, भुईकोट किल्ला आहे, गड्ड्याची यात्रा आहे. तिथे माणसं येणारच. गावतलावालाही आता चालायचा ट्रॅक आणि बाकडी हवी असतात. हरकत नाही, फक्त भरावाला न दुखवता. माथ्यावर काँक्रीट ओतू नये, खाली पोकळी झाली तरी वरून कळत नाही. दाबलेला मुरूम पुरे. दिव्यांची केबल भराव आडवा खोदून नेऊ नका, तो चर म्हणजे आपण स्वतः पाडलेली आडवी भेग. खेळणी आणि ओपन जिम सांडव्याच्या चरात बसवलेली दिसतात, कारण ती जागा सपाट, मोकळी आणि सरकारी असते. ती मोकळी का ठेवली होती ते पुरात कळतं.

विसर्जनासाठी काठावर वेगळं कुंड करा. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला की रंग आणि माती दुसऱ्या दिवशी उचलता येते. निर्माल्याला वेगळा ड्रम. जलपर्णी फुलायच्या आधी काढा आणि काढलेली काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात ती परत आत जाते. सांडपाण्याचं तोंड उघडं असेल तोवर ती दरवर्षी येणारच. हिवाळी पक्ष्यांसाठी उथळ बाजूचा एक कोपरा बोटीला आणि डीजेला बंद ठेवा.

बुडण्याचे अपघात बऱ्याचदा गाळ काढलेल्या खड्ड्यांत होतात. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या पोराचा पुढचा पाय एकदम दोन पुरुष खोलात जातो. जिथे खोदलं तिथे पाण्याच्या कडेला लाल खांब रोवा आणि पाटी लावा. नुसतं ‘पोहण्यास मनाई’ नको, ‘इथून पुढे १५ फूट खोल’ असं लिहा. दर शंभर मीटरला खांबावर फुगवलेली ट्यूब आणि तिला २० मीटर नायलॉनची दोरी बांधलेली असावी. ट्यूबमधली हवा पंधरवड्याला दाबून पाहायची.