न्यूयॉर्कमध्ये एकदा, लंडनमध्ये दोनदा: कार्ड कधी टेकवायचं?

न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, भाडं सरसकट एकच. जानेवारी २०२६ पासून ३ डॉलर, मग एक स्टेशन जा नाहीतर ब्राँक्सहून थेट कोनी आयलंडला. आत शिरताना बँकेचं कार्ड किंवा फोन रीडरला टेकवा, बाहेर पडताना काहीच करायचं नाही. सात दिवसांत १२ फेऱ्यांचे पैसे भरले की त्या सात दिवसांतल्या उरलेल्या फेऱ्या फुकट. मात्र सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लास्टिकचं कार्ड वापरलंत, तर बँक खातं एक असूनही मोजणी फुटते.

लंडनला खरी गडबड होते. ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, भाडं कुठल्या झोनमधून कुठल्या झोनमध्ये गेलात यावर ठरतं, म्हणून चढताना आणि उतरताना, दोन्हीकडे टेकवायचं. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नाही. लोक गप्पांच्या नादात सरळ चालू पडतात आणि प्रवास अर्धवट धरून कमाल भाडं कापलं जातं. तिथे पिवळं रीडर शोधा, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. चढताना फोन नि उतरताना कार्ड, म्हणजे दोन अर्धवट प्रवास, भुर्दंडही दोनदा!

झोन १, म्हणजे शहराचा मध्यभाग, टाळून जात असाल तर गाडी बदलताना, उदाहरणार्थ स्ट्रॅटफर्डला, गुलाबी रीडरलाही टेकवा. नाहीतर झोन १ मधून गेलात असं समजून जास्त पैसे लागू शकतात.

सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि दुपारी ४ ते संध्याकाळी ७ गर्दीच्या वेळचं जास्त भाडं. धरली जाते ती आत टेकवल्याची वेळ. ९:२८ ला पोचलात तर तीनेक मिनिटं फाटकाबाहेरच रेंगाळा.